फलाटावरचा पाचवा पेपर

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर उभ्याउभ्या आकाशातल्या ताऱ्यांविषयीचे बेत ठरायचे, असं आज कुणाला सांगितलं तर तो आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. पण ठरायचे खरे. एका बाजूला चहाचा गाडा, दुसऱ्या बाजूला पार्सलांचा ढीग, मध्ये सिमेंटचं बाकडं, आणि त्या बाकड्यावर मांडीवर डबा घेऊन मद्रास मेलची वाट बघत बसलेला रेवणसिद्ध हत्तुरे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायाशी कापडी पिशवी. बघणाऱ्याला वाटावं, मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आणायला आलाय बिचारा.

सोलापुरातल्या बाळीवेशीत त्याच्या वडिलांचं, सिद्धलिंगप्पांचं, भुसार मालाचं दुकान होतं. ज्वारी, तूर, शेंगदाणे. एकुलता एक मुलगा गल्ल्यावर बसेल या आशेवर त्यांनी त्याला शिकवलं, आणि शिकवलं म्हणूनच तो गल्ल्यावर बसला नाही. पुण्याला एमएस्सी झाला, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत लागला, आणि तिथून दक्षिणेत एका डोंगरावर गेला. त्या डोंगरावर संस्थेची रेडिओ दुर्बीण होती. दुर्बीण म्हटल्यावर लोक एक डोळा मिटून दाखवतात, पण हिला डोळा लावायचा नसतो. उतारावर उभ्या केलेल्या तारांचं ते अजस्र जाळं. ते आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी धरतं आणि आत खोलीत शाईचा टाक सरकत्या कागदावर रेघ ओढत जातो. बस. सगळं आभाळ त्या रेघेत.

त्या रेघेत कधीकधी सारख्या अंतरानं दात उमटतात. म्हणजे तिकडे एक मेलेला तारा स्वतःभोवती गरगर फिरतोय आणि दर फेऱ्याला एक ठोका पाठवतोय. त्याला म्हणायचं पल्सार. रेवणसिद्ध आणि त्याच्या गटानं सगळ्या आभाळाची पाहणी करायला घेतली होती, पट्ट्यापट्ट्यानं, शेतातली पात धरावी तशी. काही नवे पल्सार सापडले. त्यातला एक पहिल्यांदा रेवणसिद्धनं पाहिला होता, आणि तो विचित्र होता. ठोके देता देता तो एकदम गप्प व्हायचा. रेघ सपाट. मग मनात येईल तेव्हा पुन्हा सुरू. मध्येच गप्प होणारे पल्सार जगात तेव्हा थोडे माहीत झाले होते, पण हा बोलण्यापेक्षा गप्पच जास्त. डोंगरावरचे बाकीचे म्हणाले, यंत्र दमलं असेल. रेवणसिद्धनं वाद घातला नाही. पुढच्या वेळी रेघ सपाट झाल्याझाल्या त्यानं दुर्बीण शेजारच्या एका कायम चमकणाऱ्या उगमाकडे वळवली. तो चोख उमटला. म्हणजे यंत्र ठणठणीत, ताराच गप्प. हे त्यानं वहीत लिहिलं आणि कुणी विचारील म्हणून वाट बघितली.

कुणी विचारायच्या आत सोलापूरहून तार आली. वडिलांना अर्धांगवायू झाला होता.

परत आला तो आलाच. वडील अंथरुणावर दीड-दोन वर्षं राहिले आणि गेले. दुकान चुलतभावाकडे गेलं. आई शांतम्मा म्हणाली, "सिद्धरामेश्वराला सोडून मी कुटं येनार न्हाई, तू जा की." ती जा म्हणाली, म्हणून तो गेला नाही. त्याच्यासारख्या माणसांचं असंच असतं. गावातल्याच एका कॉलेजात त्याला भौतिकशास्त्राची नोकरी मिळाली.

आता सोलापूर काही ओस गाव नाही. सकाळी गिरण्यांचे भोंगे, दिवसभर मागांची खटखट, रस्त्यात तेलुगू, मराठी, कन्नड, दखनी अशा चार बोलींचा गलका. त्या गलक्यात रेवणसिद्ध एकटा होता. पल्सारबद्दल बोलावं असं एकही माणूस गावात नव्हतं. स्टाफरूममध्ये तो ताऱ्यांचा अभ्यास करायचा हे कळल्यावर संस्कृतच्या सरांनी आपल्या मेव्हणीची पत्रिका आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हात जोडले, तर ते म्हणाले, "विद्या लपवू नये हो." शिपाई बिरप्पा म्हणायचा, "सर, शनीचं काय तर सांगा की, लई छळतोय." हे सगळे प्रेमाचेच लोक. पण रोज इतक्या माणसांत हसून घरी यायचं आणि मनातलं एक वाक्यही बाहेर पडलेलं नसायचं. जेवताना आई बोलायची, तो हूं हूं करायचा. असं चार-पाच महिने चाललं म्हणजे माणसाला आपलाच आवाज परका वाटायला लागतो. त्यालाही वाटायला लागला होता.

अशात वेणीमाधव खरवंडीकरचं कार्ड आलं. वेणीमाधव गटातला त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा माणूस. डोंगरावर दोघं एका खोलीत राहिले होते. रेवणसिद्ध त्याला माधवराव म्हणायचा, अहोजाहो करायचा. माधवराव त्याला अरे-तुरे करायचा आणि त्याचे मोजेही घालायचा. गटाचं वेळापत्रक, पत्रव्यवहार, कुणी काय लिहायचं ही सगळी उठाठेव माधवरावच्या गळ्यात होती. मुंबईची संस्था आणि डोंगर यांच्यामध्ये त्याच्या सारख्या खेपा व्हायच्या, आणि मुंबईहून रात्री निघालेली मेल सकाळी सोलापुरात इंजिनाला पाणी घ्यायला बऱ्यापैकी थांबायची. कार्डात त्यानं लिहिलं होतं, "इतके कागद साठलेत की मोजायला माणूस नाही. गुंडाळ्या आणतो. स्टेशनवर भेट."

तेव्हापासून पद्धत पडली. दर दोन-तीन महिन्यांनी माधवराव रेघांच्या कागदाच्या गुंडाळ्या आणायचा, मोजून झालेल्या परत न्यायचा. रेवणसिद्ध त्या सोप्यात जमिनीवर उलगडायचा, दोन्ही टोकांना धान्य मापायच्या पायल्या ठेवायचा, आणि पालथा पडून ठोके मोजायचा. त्याच्या त्या ताऱ्याच्या गुंडाळ्या आल्या की त्याला फार बरं वाटायचं. किती ठोके, मग किती वेळ गप्प, पुन्हा किती ठोके. शांतम्मा कागद ओलांडून जायची आणि म्हणायची, "पोरांचे पेपर तपासतोय म्हनावं तर त्यात अक्षर न्हाई. काय तपासतोय कुनास ठाऊक, शिवा शिवा."

पण पाहणी नुसती करून भागत नाही, ती छापावी लागते. मेलच्या पहिल्याच फेरीत माधवरावनं बाकड्यावर बसून सांगितलं, की गटानं पाच पेपर योजले आहेत. पहिला पाहणीचा, कुठे काय सापडलं त्याचा. त्यावर सगळ्यांची नावं. दुसरा अंतरांचा, म्हणजे ठोक्यातल्या लांब लहरी आखूड लहरींच्या मागे किती रेंगाळतात त्यावरून तारा किती लांब ते काढायचं. तिसरा ठोक्यांच्या आकारांचा. चौथा त्यांच्या लुकलुकण्याचा.

"आणि पाचवा तुझ्या त्या मुक्या ताऱ्याचा," माधवराव म्हणाला. "तो कुणी लिहायचा ते अजून ठरलं नाही. ज्यानं पहिलं नाव घ्यायचं त्यानं सगळा मजकूर लिहायचा, असा आमचा नियम. पहिले चार वाटले गेले."

हा पेपर रेवणसिद्धला लिहायचा होता. त्याच्या आयुष्यात हवी म्हणावी अशी ती एकच गोष्ट उरली होती. तो छापून आला असता तर डोंगरावरची ती वर्षं खरी ठरली असती, नाहीतर ती वर्षं म्हणजे फक्त वडिलांच्या आजारपणाआधीचा काळ. "तो मी लिहितो," एवढं म्हणायचं होतं. पाच शब्दही नव्हते ते.

पण माधवरावच्या तोंडात अजून घास गेला नव्हता.

आता हे सोलापुराबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. हत्तुऱ्यांच्या घरात पाहुणा आला की त्याच्यापुढे ताट यायचं, आणि त्याचा हात धुऊन होईपर्यंत आपल्या कामाचा विषय काढायचा नाही. सिद्धलिंगप्पांच्या दुकानी अक्कलकोटकडचे शेतकरी माल घेऊन यायचे तेव्हासुद्धा भाव आधी ठरायचा नाही, आधी पंगत बसायची. उपाशी माणसाकडून काही मागणं म्हणजे त्याच्या भुकेवर दबाव टाकणं, असं ते मानायचे. शांतम्मा तर रस्त्यात भेटलेल्या माणसाला खुशाली विचारायच्या आधी "ऊट आतेन?" म्हणायची, म्हणजे जेवण झालं का. लहानपणी एकदा पाहुण्यांच्या ताटाशी बसून रेवणसिद्धनं "मला गोष्टीचं पुस्तक आणाल का" असं विचारलं होतं, तेव्हा वडिलांनी त्याला सगळ्यांदेखत उठवून आत पाठवलं होतं. ती शिकवण हाडात गेली होती. विद्वान झाला, डोंगरावर जाऊन आला, पण हाडं तीच.

म्हणून त्यानं डबा उघडला. पातळ कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, घट्ट दही, भरलेली वांगी. रात्रभर गाडीत अवघडून आलेला माधवराव तुटून पडला. "तुझ्या आईच्या हाताला तोड नाही रे," म्हणत त्यानं दोनदा दही घेतलं. रेवणसिद्ध बघत होता. आता हात धुईल, आता विचारू. माधवराव नळावर गेला, हात धुतले, चूळ भरली, आणि गार्डानं शिट्टी फुंकली. गुंडाळ्यांची अदलाबदल धावतपळत झाली.

"पुढच्या वेळी बोलू!" माधवराव दारातून ओरडला.

पुढच्या वेळी गव्हाची गोड हुग्गी होती. त्याच्या पुढच्या वेळी धपाटे. माणूस म्हणेल, अरे, जेवता जेवता बोल! पण जेवता जेवता माधवरावच बोलायचा, गटातल्या कटकटी सांगायचा. अंतरांच्या पेपरावर दोघांचा पहिल्या नावासाठी कसा वाद झाला, आकारांच्या पेपरातल्या आकृत्या उंदरानं कशा कुरतडल्या. रेवणसिद्ध हसायचा, काही अडलं तर सुचवायचा, आणि त्याच्या सूचना माधवराव तिथल्या तिथे टिपून घ्यायचा. ती पंधरा-वीस मिनिटं रेवणसिद्धला दोन महिने पुरायची. गाडी गेल्यावर तो रिकामा डबा घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत उगाच चालत जायचा आणि मनातल्या मनात ते राहिलेलं वाक्य म्हणायचा. तिथे ते अगदी सोपं वाटायचं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. माधवराव येणार होता त्या दिवशी गाडीच आली नाही. रेवणसिद्धला संप ठाऊक होता, तरी तो डबा घेऊन गेला. रुळावर शेळ्या फिरत होत्या. चहाचा गाडा बंद. पोलिसानं हटकलं, "कुणाला आणायला आलाय?" काय सांगणार? "कुणाला न्हाई," म्हणाला आणि बाकड्यावर थोडा वेळ बसून परत आला. डबा तसाच बघून शांतम्मानं त्यातली भाकरी काढून त्याच्याच पुढे ठेवली. त्या उन्हाळ्यात त्याला रडू आलं होतं एकदा, गुंडाळीवर पालथा पडलेला असताना. शाईची रेघ पसरली म्हणून त्यानं चटकन तोंड बाजूला केलं.

मग आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावायला लागल्या. सगळा देश त्याचं कौतुक करत होता, तेव्हा सोलापुरात एक माणूस त्यामुळे चिंतेत पडला होता. पूर्वी मेल रेंगाळायची, गार्ड ओळखीचा झाला होता, माधवरावचा हात वाळेपर्यंत शिट्टी लांबवायचा. आता सगळं घड्याळावर. माधवराव उतरून डब्याशी बसतो न बसतो तोच गाडी हलायची. दोनदा तर त्यानं भाकरी हातात घेऊनच गाडी पकडली.

शहात्तरच्या फेब्रुवारीत कार्ड आलं, की मोजणी पुरी झाली असेल तर घेऊन ये, आता लागेल. मोजणी पुरी झाली होती. तारा किती वेळ बोलतो, किती वेळ गप्प बसतो, त्या गप्पपणाला काही नेम आहे का, सगळ्याचा तक्ता त्यानं सुवाच्य अक्षरात तयार केला होता. माधवराव यायच्या आदल्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, "उद्या डबा नको करू."

"का रं बाबा? पाव्हना उपाशी जाईल की."

"मला त्यांच्याशी बोलायचंय. महत्त्वाचं हाय."

"मग बोल की. भाकरी खाल्ल्यावर मानसाला कमी ऐकू येतं व्हय?" शांतम्मा म्हणाली, आणि सकाळी डबा भरून त्याच्या हातात दिला.

मेल आली. माधवराव उतरला तो डोळे तांबारलेले, ताप येऊन गेलेला, कालपासून धड खाल्लेलं नाही. "रेवण, आधी काहीतरी खायला दे बाबा," म्हणाला. आता बोला! रेवणसिद्धनं डबा उघडला. माधवराव सावकाश खात होता, आजारी माणसासारखा एकेक घास चावून. तिकडे इंजिन नळापासून सुटलं. हिरवं निशाण दिसलं. माधवराव डबा खाली ठेवून उठायला लागला, तेव्हा रेवणसिद्ध म्हणाला, "असू द्या, डबा घेऊन चढा." आणि माधवराव चढल्यावर त्याच्या पाठोपाठ, कापडी पिशवीसकट, स्वतःही चढला.

"अरे, अरे! तू कुठे?"

"गुलबर्ग्यापर्यंत येतो."

आयुष्यात त्यानं विनातिकीट एवढीच एक गोष्ट केली असेल. कॉलेजात दुसरा तास त्याचा होता. होटगीच्या पुढे उघडी रानं लागली, ज्वारीची कणसं उन्हात उभी होती. माधवराव खिडकीशी बसून पुन्हा जेवू लागला. रेवणसिद्ध समोर बसला. हात धुऊन होण्याची वाट बघायची म्हटलं तर आता वाट बघायला वेळ होता. पण त्यानं बघितली नाही.

"माधवराव, पाचवा पेपर मला लिहायचाय."

माधवरावचा घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही जेवत होता."

थट्टा आहे की काय ते माधवरावला कळेना. मग त्यानं भाकरी खाली ठेवली.

"अरे, जानेवारीत बैठक झाली," तो म्हणाला. "वाटलेल्या चारांवर कुणाचं नाव कुठे, ते ज्यानं त्यानं मागून घेतलं, दोन दिवस नुसती भांडणं. पाचव्याची गोष्ट निघाली तेव्हा एकानं विचारलंही, रेवणसिद्धला हवाय का म्हणून. मी म्हटलं, छे, मी त्याला दर दोन महिन्यांनी भेटतो, त्यानं कधी एक शब्द काढला नाही. आईजवळ आहे, नोकरी आहे, समाधानी माणूस आहे तो. त्याला काही नको असतं. मग तो कुट्टीला दिला. नवा मुलगा आहे, हुशार आहे."

समाधानी माणूस. रेवणसिद्धला राग आला नसता तर बरं झालं असतं, पण आला. इतकी वर्षं आपण त्याला वाढत होतो आणि तो आपल्याला वाचत होता, आणि वाचलं ते हे. बाहेर बघवेना आणि आतही बघवेना.

माधवरावनं पिशवीतून टंकलेली पानं काढून त्याला दिली. कुट्टीचा कच्चा खर्डा. वाईट असता तर निभावलं असतं, पण खर्डा चांगला होता, भाषा स्वच्छ होती. शेवटून दुसऱ्या पानावर मोठी मोकळी जागा होती आणि तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं, की इथे हत्तुरे यांच्या मोजणीचा तक्ता. सगळा पेपर त्या मोकळ्या जागेवर उभा होता.

"तुझी मोजणी आली की झालं," माधवराव म्हणाला. "आभारात सगळ्यात वर तुझं नाव घालू. आणलीयस ना?"

त्यानं हात पुढे केला. शेंगाची चटणी लागलेला हात. मोजणी रेवणसिद्धच्या मांडीवरच्या पिशवीत होती. आजवर या माणसानं हात पुढे केला आणि त्यात काही पडलं नाही असं झालं नव्हतं.

"न्हाई देनार," रेवणसिद्ध म्हणाला.

"काय?"

"पेपर माझा असंल तर देतो. न्हाईतर ऱ्हाऊ द्या." डोंगरावर आणि कॉलेजात इतकी वर्षं जपलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "तुमच्या गुंडाळ्या तुम्ही घ्या, त्या संस्थेच्या हायत. मोजणी माझी हाय."

पलीकडच्या बाकावर एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन बसली होती. आवाज चढलेला ऐकून तिनं नातीला जवळ ओढलं. रेवणसिद्धला वाटलं, आत्ता वडील असते तर त्यांनी आपल्याला उठवून आत पाठवलं असतं. पण आत जायला गाडीत जागा नव्हती. तो बसून राहिला.

गुलबर्ग्याला रेवणसिद्ध उतरताना माधवराव एवढंच म्हणाला, "बघतो काय करता येतं ते." डब्यात अर्धी भाकरी उरली होती. माधवरावच्या पुढ्यातली भाकरी आजवर कधी उरली नव्हती. रेवणसिद्ध दुपारच्या पॅसेंजरनं परत आला, होटगीला बराच वेळ थांबून.

माधवराव शब्दाचा पक्का. त्यानं गटात काय सांगितलं, कुट्टीची कशी समजूत घातली, कोण जाणे, पण महिन्याभरात दोन ओळींचं टंकलेलं पत्र आलं, की पाचवा पेपर हत्तुरे यांनी लिहावा. रेवणसिद्धनं तो उन्हाळाभर लिहिला. एकेक वाक्य तीनतीनदा मोडून बांधलं. पुढल्या वर्षी तो परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव आर. एस. हत्तुरे, मागे बाकीच्यांची. अंक हातात आला तेव्हा घरात आई सोडून कुणी नव्हतं. शांतम्मानं त्याला विभूती लावली आणि देवापुढे ठेवला. मग म्हणाली, "ह्यात माधवरावाचं नाव कुटं हाय?" त्यानं बोट ठेवून दाखवलं. "बरं झालं," ती म्हणाली, "आपल्या घरचं खाल्लेला मानूस हाय त्यो."

स्टाफरूममध्ये पेढे वाटले. संस्कृतच्या सरांनी पेढा खाऊन विचारलं, "म्हणजे आता तुम्ही तो तारा विकत घेतला म्हणायचं का?" सगळे हसले, तोही हसला. आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण तो सांगायचा कुणाला, म्हणजे खरा सांगायचा कुणाला, तो माणूस एकच होता, आणि त्या माणसाचं वर्षभर कार्ड नव्हतं. गुंडाळ्या यायच्या बंद झाल्या होत्या. संस्थेनं मोजायला यंत्र आणलं आहे, असं कळलं. आणलंही असेल. यंत्रं यायचेच ते दिवस होते. पुढच्या पाहणीचे पेपर कसे योजलेत, कोण काय लिहितंय, यातलं काहीच आता सोलापूरपर्यंत येत नव्हतं.

निवडणुका झाल्या, आणीबाणी उठली, गाड्या पुन्हा उशिरा धावायला लागल्या. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्रात ओझरता उल्लेख आला, की वेणीमाधव गुरुवारी मेलनं डोंगरावर चाललाय. कार्ड नसतानाही रेवणसिद्ध गेला. शांतम्मानं तांबडफुटीला उठून भरली वांगी केली होती.

माधवराव खिडकीशीच होता. रेवणसिद्धला बघून तो उठला, खाली उतरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. केस पांढरे व्हायला लागले होते. "पेपर छान झाला रे," तो म्हणाला. "बाहेरचे लोकही नावाजतात. तुझाच होता तो." आणि हे तो मनापासून म्हणत होता, तेवढं रेवणसिद्धला कळलं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं बाकड्यावर बसला आणि डबा उघडायला लागला.

"नको, नको," माधवराव म्हणाला. "मी खाऊन आलोय. कुर्डुवाडीला खाल्लं."

"थोडंसं. वांगी हायत."

"खरंच नको."

रेवणसिद्धनं झाकण परत लावलं. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं. माधवराव उभाच होता. त्यानं चहा सांगितला, दोघांचा, आणि रेवणसिद्ध काही म्हणायच्या आत दोघांचे पैसे दिले. आईची तब्येत विचारली. मुंबईत पाऊस कसा झाला ते सांगितलं. पुढच्या पाहणीबद्दल रेवणसिद्धनं विचारलं, तर म्हणाला, "चाललंय." मग दोघंही इंजिनाकडे बघत राहिले. त्यात काहीतरी बिघडलं होतं, तीन-चार माणसं खाली वाकून ठोकाठोक करत होती. चहा संपला तरी गाडी सुटेना. इतका वेळ त्यांना या फलाटावर कधीच मिळाला नव्हता, आणि रेवणसिद्धला आज मनापासून वाटत होतं, की आता शिट्टी व्हावी.